सगळ्यांनी भरवलेली पोर

तीस वर्षं भाजी विकलेल्या बाईला काट्याचं कोणी सांगायला येऊ नये, असं आजीचं साधं म्हणणं होतं. त्यामुळे नर्सनं तिच्या नातीला झोळीत बसवलं, झोळी काट्याला अडकवली, काटा दोनदा डुलून थांबला आणि नर्स म्हणाली, "सहा किलो नऊशे. आजी, वजन वाढलेलं नाही," तेव्हा आजीनं आधी काट्याकडे पाहिलं, मग नर्सकडे, आणि मग पुन्हा काट्याकडे.

"काटा खोटा आहे," ती म्हणाली.

खोलीत आणखी सात-आठ बायका आपापली पोरं घेऊन बसल्या होत्या. महिन्यातून एकदा दवाखान्याची नर्स गल्लीत यायची, टाकीशेजारच्या रिकाम्या खोलीत छताच्या हुकाला काटा टांगायची आणि पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांची वजनं करायची. एरवी या खोलीत इतका कलकलाट असायचा की नर्सला आकडा दोनदा सांगावा लागायचा. आता मात्र सगळ्या बायका गप्प बसून कान देऊन ऐकत होत्या.

"काटा बरोबर आहे, आजी. गेल्या महिन्यातही सहा-नऊशेच होतं. त्याच्या आधी सात होतं. तेरा महिन्यांची मुलगी नऊच्या आसपास हवी."

"काट्यात काय काय करामती करता येतात ते मला विचार. मी कधी केल्या नाहीत, पण शेजारच्या गाडीवर रोज बघत होते."

असं म्हणून आजीनं नातीला शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि ती तरातरा घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात जाड कापडाची पिशवी होती आणि पिशवीच्या ओझ्यानं तिचा एक खांदा खाली झुकला होता. पिशवीत तिची धंद्यातली लोखंडी वजनं होती. धंदा सोडून चार वर्षं झाली तरी ती तिनं पलंगाखाली पुसून ठेवली होती. पाचाचं आणि दोनाचं अशी दोन वजनं तिनं झोळीत ठेवली. काटा सातावर जाऊन थांबला. इकडे नाही, तिकडे नाही. मग दोनाचं काढून एकाचं ठेवलं. काटा सहावर.

कोणीतरी फिसकन हसलं. आजी हसली नाही. तिनं वजनं पिशवीत भरली. बाजारात तिचा एक नियम होता: काटा खरा ठरला की घासाघीस बंद.

"बरं," ती म्हणाली. "मग पोरीचं वजन जातं कुठं?"

"तेच मला तुम्हाला विचारायचंय," नर्स म्हणाली. तिनं नातीच्या दंडाला कागदी पट्टी गुंडाळली. पट्टीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे होते. खूण पिवळ्यात आली. "दिवसभरात काय खाते ही?"

"सगळं खाते. सारखं तोंड चालू असतं. आणि आमच्या घराण्यात सगळे किरकोळच. हिचा बाप बघ. प्लंबर आहे. सिंकखाली शिरायला त्याला वाकावंसुद्धा लागत नाही."

आता नर्सही हसली. पण हसता हसता तिनं कार्डावर आकडा लिहिला आणि म्हणाली, "बापही लहानपणी असाच खात असेल. रक्ताचं नंतर बघू, आजी. आधी वाटीत काय असतं ते सांगा."

आजीनं कार्ड घेतलं, पिशवी आणि नात उचलली आणि एक शब्दही न वाढवता घरी निघाली. हे तिच्या बाबतीत फार क्वचित व्हायचं.

या नातीला सगळी गल्ली चिमूट म्हणायची. लहान होती म्हणून, आणि कोणालाही बोटांनी उचलता येईल अशी हलकी होती म्हणूनही. मोठी गुणी पोर होती. बसवली तिथं बसायची, कोणी घेतलं तर जायची, रडायची नाही. तिची आई पहाटे उठून स्वयंपाक करायची आणि साडेसहाला घराबाहेर पडायची. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे इस्त्री करायची. बाप तिच्यानंतर तासाभरानं हत्यारांची पेटी घेऊन निघायचा. मग दिवसभर चिमूट आणि आजी. दोन खोल्यांच्या घरात दोघींना कंटाळा यायचा, म्हणून आजी चिमूटला कडेवर घेऊन समोरच्या टेलरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची. टेलरला बोलायला माणूस हवंच असायचं.

वजन केलं त्या मंगळवारी संध्याकाळी सून घरी आली, तिनं चप्पल काढली, हातपाय धुतले आणि पोरीला छातीशी घेतलं. आजीनं कार्ड तिच्यासमोर ठेवलं.

"वाढत नाही म्हणतात. मला वाटतं तुझं दूध पातळ आहे."

सून सहसा उलट बोलायची नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत ती "बरं आई" आणि "आणते आई" यापलीकडे फारशी गेली नव्हती. पण त्या दिवशी तिनं अकरा तास उभं राहून चादरी दाबल्या होत्या.

"माझं दूध पातळ असेल आई," ती म्हणाली, "पण तुमची पेज त्याहून पातळ असते. कालच्या पेजेत मला वाटीचा तळ दिसत होता."

प्लंबर नुकताच आत येत होता. त्यानं हे ऐकलं, दारातच थबकला, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा बाहेर गेला.

आजी दोन दिवस सुनेशी बोलली नाही. तिला राग आला होता हे खरं, पण रागापेक्षा तिला ते वाक्य छळत होतं. पेज पातळ करते ते पोरीसाठीच की. घट्ट घास घशात अडकतो, पोटात दगडासारखा बसतो, हे तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. तिनं आपल्या पोरालाही दीड वर्षाचा होईपर्यंत पाण्यासारखंच पाजलं होतं. तो जगला, वाढला, प्लंबर झाला. आता थोडा कमी वाढला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिनं ठरवलं की आपण स्वतःच बघायचं. बाजारात टोपलीतला माल कमी भरला तर ती आरडाओरडा करायची नाही. एक दिवस नुसती टोपलीशेजारी बसून राहायची. संध्याकाळपर्यंत कळायचंच.

सकाळी सून पोरीला घाईघाईत पाजून गेली. एक बाजूसुद्धा पुरती रिकामी झाली नसेल, तेवढ्यात तिची गाडी आली. नऊ वाजता आजीनं चहा केला आणि नेहमीप्रमाणे आपल्या कपातून अर्धा चहा बशीत ओतून, त्यात बिस्किट बुडवून चिमूटला दिला. दिल्यानंतर ती स्वतःच थांबली. आज बघायचं ठरलं होतं ना. मग दोघी टेलरच्या पायरीवर गेल्या. टेलरनं खिशातून गोळी काढली. "आमची राणी आली," म्हणून तिच्या तोंडात दिली. थोड्या वेळानं पलीकडच्या घरातली शाळकरी पोरगी आली, तिच्या हातात कुरकुरीत तळलेल्या कसल्यातरी चकत्यांचं पाकीट होतं, तिनं त्यातल्या दोन दिल्या. मग पाणी आणायला आलेल्या बाईनं जाता जाता पाव मोडून दिला, त्यातला बराच चिमूटच्या झबल्यावर सांडला. गल्लीत कोणी असं नव्हतं की जे चिमूटला बघून हात पुढे करत नव्हतं.

दुपारी आजीनं पेज केली. वाटीत ओतली आणि मुद्दाम वाकून बघितलं. वाटीच्या तळाला कोरलेलं फूल स्पष्ट दिसत होतं. चिमूटनं तीन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. रोज अशीच फिरवायची आणि आजी म्हणायची, "पोट भरलं वाटतं." मग झोप. उठल्यावर पुन्हा बिस्किट. सातला आई आली, चिमूट दूध प्यायली आणि पितापिताच झोपली. रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा भात होता, डाळ होती, भोपळ्याची भाजी होती, आणि चिमूट गाढ झोपेत होती.

आजी पाटावर बसल्या बसल्या भाताकडे बघत राहिली.

"काय झालं?" प्लंबरनं विचारलं.

"काही नाही. अख्ख्या गल्लीनं पोरीला भरवलं," आजी म्हणाली, "आणि पोरगी उपाशी झोपली."

दुसऱ्या दिवसापासून आजीनं कारभार हातात घेतला. गल्लीत तिनं दवंडी पिटल्यासारखं सांगून टाकलं की चिमूटच्या तोंडात तिला विचारल्याशिवाय कोणी काही घालायचं नाही. टेलरला हे फार लागलं.

"एक गोळी, आजी. एवढीशी."

"तुझ्या एवढ्याशा गोळीनं तिची दुपारची भूक मरते. तुला लाड करायचेत तर केळं आण. आणि दुपारी जेवणाच्या आधी देऊ नकोस."

टेलर दुसऱ्या दिवशी केळं घेऊन आला. मापाच्या फितीनं त्यानं ते मोजूनही दाखवलं.

नर्स दवाखान्यात जाता-येता गल्लीवरून जायची. आजीनं तिला रस्त्यात गाठून भाजीवालीसारखे प्रश्न विचारले. किती घट्ट? चमचा तिरका केला तरी घास पडता कामा नये, इतका. किती वेळा? तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा काहीतरी. काय काय घालू? भात आणि डाळ एकत्र कुस्करून, वरून चमचाभर तेल, एखादी भाजी, जमेल तेव्हा अंडं. दगडासारखं बसणार नाही ना? "आजी, तिला दात आले आहेत," नर्स म्हणाली. "दात काय शोभेला येतात का?"

पहिले चार दिवस चिमूटनं घट्ट घास थुंकून टाकले. आजीच्या पदरावर, भिंतीवर, एकदा टेलरनं शिवायला घेतलेल्या कोणाच्यातरी नव्या सदऱ्यावर. आजीनं एक वाटी फक्त तिच्यासाठी बाजूला काढली, म्हणजे किती खाल्लं ते कळावं. ती तिच्यासमोर बसायची, घाई करायची नाही, आणि एकेका घासाला बाजारातली एकेक गोष्ट सांगायची. एक गिऱ्हाईक अर्धा तास घासाघीस करून शेवटी भोपळा न घेताच पिशवी विसरून गेल्याची गोष्ट चिमूटला खास आवडायची. तिला ती कळत नव्हती, पण आजी त्या गिऱ्हाइकासारखं तोंड करायची आणि तोंड बघता बघता घास आत जायचा.

दुपारच्या दुधाचाही प्रश्न होताच. आजी एक दिवस चिमूटला घेऊन थेट लाँड्रीत गेली. जेवणाची सुट्टी झाली होती. आत वाफेनं सगळं पांढरं झालं होतं. सुपरवायझर बाई आडवी आली.

"इथं लहान मूल आणता येत नाही. गरम मशीन आहेत."

"मशीनजवळ कोण नेतंय? घड्या घातलेल्या चादरी ठेवता ती खोली आहे ना? तिथं बसतील दोघी. वीस मिनिटं. तुम्हाला पोरं आहेत का?"

"दोन आहेत."

"मग तुम्हाला मी काय सांगणार," आजी म्हणाली.

सुपरवायझर बाईनं चादरींच्या खोलीचं दार उघडलं. मग रोज दुपारी साडेबाराला आजी चिमूटला घेऊन जायला लागली. चादरींच्या गठ्ठ्याला टेकून सून तिला पाजायची, तेवढ्यात आजी डबा उघडून मऊ भात कालवायची. इस्त्रीवाल्या बाकीच्या बायका दारात गोळा व्हायच्या आणि प्रत्येकीला एक घास भरवायचा असायचा. "नाही," आजी म्हणायची. "भरवणारा हात एकच. सगळ्यांनी भरवून बघितलंय आम्ही."

पुढच्या महिन्यात काट्यावर सात किलो दोनशे आलं. आजीनं वजनं घरीच ठेवली होती, तरी तिनं काटा तिन्ही बाजूंनी बघून घेतला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण तीन आठवड्यांनी चिमूटला जुलाब लागले. पहिल्या दिवशी सहा वेळा, दुसऱ्या दिवशी नऊ. डोळे खोल गेले आणि पोर पुन्हा पहिल्यासारखी बसवली तिथं बसून राहिली. आजीचा जुना हिशोब असा होता की पोट बिघडलं की पोटाला सुट्टी द्यायची, दोन दिवस काही घालायचं नाही. तिनं भाताची वाटी उचलून ठेवली.

सुनेनं त्या दिवशी सुट्टी टाकली होती. तिनं ती वाटी पुन्हा खाली घेतली.

"आई, मागं दोनदा असंच झालं होतं. दोन्ही वेळा आपण खाणं बंद केलं. दोन्ही वेळा वजन उतरलं. या वेळी बंद नको करूया."

मागच्या वेळी सून उलट बोलली तेव्हा आजी तिच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. या वेळी तिनं पोरीला उचललं आणि म्हणाली, "चल, दवाखान्यात जाऊ. मला माझ्यावर विश्वास नाही आता."

दवाखान्यात नर्सनं मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं दिली, गोळ्या दिल्या आणि सुनेचंच म्हणणं खरं ठरवलं. थोडं थोडं पण खायला द्यायचं, दूध तर द्यायचंच. मग तिनं चिमूटला बाजूला ठेवलं आणि सुनेला म्हणाली, "आता तुम्ही उभ्या राहा काट्यावर."

"मी कशाला?"

"उभ्या राहा तर."

काटा एकोणचाळीसवर थांबला. नर्सनं तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. पापणी पांढुरकी होती.

"चक्कर येते?"

"कधीकधी. वाफ असते ना तिथं."

"जेवता कधी?"

सून काट्यावरून खाली उतरली. "सगळ्यांचं झालं की."

"आणि सगळ्यांचं झालं की उरतं काय?"

सुनेनं चिमूटला उचलून घेतलं. आजी बाकावर बसली होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी तिला वाटलं की प्रश्न तिलाच आहे. घरातला तो नियम तिचाच होता. म्हणजे खरं तर तिच्या सासूचा. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, मग सून. आजी स्वतः वीस वर्षं पातेल्याच्या तळाची खरवड खाऊन जगली होती आणि सासू गेल्यावर एक पायरी वर सरकली होती. खाली कोण उरलं याचा विचार तिनं केला नव्हता.

परत येताना रिक्षात सून चिमूटला चमच्यानं पाणी पाजत होती. आजी बाहेर बघत म्हणाली, "मला सांगायचंस ना."

"काय सांगायचं, आई? भूक लागते म्हणून?"

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, ते बरं झालं.

त्या संध्याकाळी आजीनं ताटं वाढली आणि सुनेला पहिल्यांदा बसवलं. प्लंबर हात धुऊन आला, ताटाकडे वळला, तर आजी म्हणाली, "तू थांब. ती दूध पाजते. दोन जिवांचं खायचंय तिला."

"मी पण दिवसभर राबून आलोय."

"दिसतंय. चुलीवर पातेलं आहे, त्यात भरपूर भात आहे. तुला कमी पडणार नाही. पण आधी ती."

प्लंबर पाच मिनिटं उभा राहिला, मग कंटाळून त्यानं स्वतःच ताट वाढून घेतलं आणि सुनेशेजारीच बसला. घरात सगळ्यांनी एकदम जेवायला बसायची सुरुवात अशी कंटाळ्यातून झाली. सून पहिले दोन दिवस घास घेताना दर वेळी सासूकडे बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं न बघता डाळ मागितली.

चिमूट चार दिवसांत सावरली, पण काटा पुन्हा सातावर आला होता. नर्स म्हणाली की या महिन्यात गल्लीतल्या अकरा पोरांना जुलाब झाले आणि सगळ्यांचीच वजनं अडली आहेत. "तुम्ही घरात काहीही करा, आजी. पाणी खराब असेल तर वरून घातलेलं खालून जाणार. उकळून द्या. हात धुवा. पण नळाचंही बघा कोणीतरी."

नळ गल्लीच्या मध्यावर होता. सकाळी तासभर पाणी यायचं आणि पहिल्या दोन बादल्या गढूळ यायच्या. लोक त्या ओतून द्यायचे आणि पुढचं भरायचे. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. आजी घरी आली आणि पेपर वाचत बसलेल्या लेकासमोर उभी राहिली.

"नळातून गढूळ पाणी का येतं?"

"जॉइंट गेला असेल," प्लंबर पेपर न हलवता म्हणाला. "पाइप गटाराखालून जातो. पाणी बंद झालं की पाइप ओढून घेतो. गटारातलं आत शिरतं. सकाळी तेच आधी बाहेर येतं."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

पेपर हळूहळू खाली आला. प्लंबरचा धंद्यातला अंदाज कधी चुकत नसे, आणि आताही त्याला अंदाज आला होता.

"बरेच दिवस," तो म्हणाला.

"शहरभर लोकांचे नळ दुरुस्त करत फिरतोस. तुझी पोर गटार पिते."

"आई, तो माझ्या एकट्याचा नळ नाही."

"म्हणूनच तो कोणाचाच नाही," आजी म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

तिनं घरोघर जाऊन भाषण केलं नाही. तिनं फक्त जिथं पोर आहे तिथं जाऊन विचारलं, "गेल्या महिन्यात तुमच्याकडे कोणाला जुलाब झाले?" आणि उत्तर आलं की म्हणायची, "रविवारी सकाळी फावडं घेऊन या." रविवारी एकोणीस माणसं आली. टेलरनं खडूनं रेघ मारली आणि ती रेघ सोडून कोणी खणलं तर तो ओरडायचा, त्यामुळे चर इतका सरळ झाला की बघणाऱ्याला वाटावं कापड कापलंय. फरश्या निघाल्या, चिखल निघाला, आणि गटाराच्या बरोबर खाली गंजून चाळण झालेला पाइपचा तुकडा निघाला. प्लंबरनं तो हातात धरून बराच वेळ बघितला. मग त्यानं शर्ट काढला आणि खाली उतरला. नवीन पाइप त्यानं गटारापासून हातभर लांब आणि वरून घेतला. त्याला उंची नव्हती म्हणून त्या अरुंद चरात तो सहज मावला. तो दिवसभर खालीच होता. दुपारी त्याची बायको त्याच्यासाठी ताट घेऊन आली, काठावर बसली आणि त्याच्या आधी स्वतः जेवली. ते बघून चरातून तो इतका हसला की हातातला पाना पडला.

सोमवारी सकाळी पाणी पहिल्या बादलीपासून स्वच्छ आलं. बायकांनी सवयीनं पहिल्या दोन बादल्या ओतूनच दिल्या.

त्यानंतर चिमूटचं वजन उड्या मारत वाढलं असं नाही. एका महिन्यात तीनशे, पुढच्यात अडीचशे, मग सर्दी झाली तेव्हा नुसते शंभर. पण घसरलं नाही. ती भिंत धरून चालायला लागली, टेलरच्या दुकानात शिरून चिंध्या ओढायला लागली, दोनदा तिनं सुयांची डबी उपडी केली. जी पोर बसवली तिथं बसायची तिच्यामागे आता आजीला दिवसभर धावावं लागायचं आणि आजी येईल त्याला गुडघ्यांची तक्रार सांगायची. बाविसाव्या महिन्यात काटा आठ किलो आठशेवर थांबला, आणि नर्सनं कार्डावरच्या आलेखात खूण हिरव्या पट्ट्यात केली. अगदी काठावर, पण हिरव्यात.

सुनेचंही वजन साडेतीन किलो वाढलं. लाँड्रीत तिला चक्कर येणं बंद झालं. सुपरवायझर बाईनं चादरींच्या खोलीत एक जुनी गादी टाकून दिली, कारण आता आणखी दोघी जणी दुपारी पोरं मागवून घेत होत्या.

एका रविवारी प्लंबरची थोरली बहीण माहेरी आली. सगळे एकत्र जेवायला बसलेले बघून तिला जरा नवल वाटलं. चिमूटनं आत्याच्या ताटातला बटाटा उचलला आणि पळ काढला.

"आता चांगली टुणटुणीत झाली," नणंद सुनेकडे बघत म्हणाली. "आता हिला भाऊ आणा लवकर. दोन्ही बाळंतपणं एकदम उरकली म्हणजे सुटलीस."

सुनेचा घास हातातच राहिला. प्लंबरनं पाण्याचा पेला उचलला आणि तो बराच वेळ पीत राहिला. सगळ्यांना वाटलं आजी हो म्हणणार. वर्षापूर्वी हेच वाक्य तिनंच दोनदा म्हटलं होतं.

"उरकायला ती काय चादरींची घडी आहे?" आजी म्हणाली. "हिचं अंग अजून भरतंय. पोर अजून पितेय. नर्सनं दोघांना बसवून समजावलंय, मी बाहेर होते, मला काय ते ऐकू आलं नाही. त्यांचं ते बघतील."

"अगं आई, तूच तर म्हणायचीस—"

"म्हणायचे. भात घे अजून."

नणंदेनं भात घेतला. सुनेनं भातावर डाळ ओतून घेतली आणि हळूच हसली. मग तिनं दाराकडे बघितलं, तिथं चिमूट अर्धा बटाटा तोंडात आणि अर्धा केसांत घेऊन उभी होती, आणि तिला आणखी हवं होतं.